‘सोसावंच लागेल’ म्हणणाऱ्या डॉक्टरांना खुलं पत्र

प्रति,
कॅन्सरच्या पेशंटला ‘आता एवढं सोसावंच लागेल’ असं सांगून घरी धाडणारे डॉक्टरसाहेब,

विषय : जे दुखणं थांबवता येत होतं, ते न थांबवल्याबद्दल.

डॉक्टरसाहेब,

तुमचं नाव, तुमच्या हॉस्पिटलचं नाव, गावाचं नाव, यातलं काहीही या पत्रात येणार नाही. तुमची अब्रू झाकावी म्हणून नव्हे. तुमच्यासारखे तालुक्यातालुक्यात बसलेले आहेत आणि एकाचं नाव घेतलं की बाकीचे आपण सुटलो असं समजतील. हे पत्र तुम्हा सगळ्यांना आहे.

दुसऱ्याचं दुखणं सोसण्याची तुमची ताकद अफाट आहे. समोर माणूस जबडा धरून बसलेला असतो, डोळ्यांतून पाणी गळत असतं, बायको तोंडाशी पदर धरून मागे उभी असते आणि तुम्ही फाईल चाळत सांगता, ‘‘आता एवढं सोसावंच लागेल. आजारच तसा आहे.’’ तुमचा आवाज हलत नाही, हात थांबत नाही, पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजते. कॅन्सर बरा झाला नाही याचा दोष मी तुम्हाला देत नाही. त्या टप्प्यावर तो कुणालाच बरा करता आला नसता. दुखणं मात्र थांबवता आलं असतं. त्यावर औषध आहे, ते स्वस्त आहे, तोंडाने घेता येतं आणि दोनशे वर्षांपासून माणसाच्या हाताशी आहे. ते तुम्ही दिलं नाहीत आणि कुठे मिळेल तेही सांगितलं नाहीत. माझा आरोप एवढाच आहे आणि तो मी मागे घेणार नाही.

माझ्या काकांना तोंडाचा कॅन्सर होता. तंबाखू-चुन्याची चिमूट ज्या गालात आयुष्यभर ठेवली, त्याच बाजूला गाठ झाली. ऑपरेशन झालं, शेक झाले, सहा महिन्यांनी गाठ पुन्हा आली आणि जबड्याच्या हाडात उतरली. मोठ्या हॉस्पिटलने सांगितलं की आता इलाज नाही, घरी न्या. जवळचे डॉक्टर म्हणून आम्ही तुमच्याकडे येत राहिलो. तुम्ही डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन देत राहिलात, वर ट्रामाडॉलच्या गोळ्या, वर ॲसिडिटीची कॅप्सूल.

त्या रात्री मी पाहिल्या आहेत. आडवं पडलं की ठणका वाढायचा, म्हणून काका पडवीत येरझाऱ्या घालायचे. मग भिंतीला टेकून उभे राहायचे आणि डोक्याची मागची बाजू भिंतीवर हळूहळू आपटत राहायचे. जोरात नाही, एका लयीत. उजव्या हाताने मांडी चोळणं चालूच असायचं. बोलणं बंद झालं होतं, म्हणून पाटीवर लिहायचे. कानात सळई घातल्यासारखं होतंय, असं त्यांनी लिहिलं, तेव्हा काकीने कानात कोमट तेल घातलं. आम्ही तुम्हाला विचारलं, तर तुम्ही म्हणालात, ‘‘कानाला काही झालेलं नाही. मनाचे खेळ असतात हे.’’

मनाचे खेळ नव्हते, डॉक्टर. तुम्ही ते एमबीबीएसच्या पहिल्या वर्षात शिकला आहात. खालच्या जबड्याची संवेदना नेणारी मज्जातंतूची शाखा कानाजवळच्या भागालाही फांदी देते. जबड्याकडून आलेली आरोळी मेंदूला कानाकडून आल्यासारखी वाटते. हृदयविकारात डावा हात दुखतो हे तुम्ही बरोबर ओळखता, लगेच ईसीजी काढता. तिथे तुम्हाला मनाचे खेळ आठवत नाहीत, कारण तिथे तुम्हाला काही करायचं असतं.

भिंतीवर डोकं आपटण्यालाही शास्त्र आहे. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं की दुखण्याचा संदेश मज्जारज्जूत शिरताना एका फाटकातून जातो. स्पर्शाचा, दाबाचा संदेश नेणारे जाड तंतू जागे झाले की ते फाटक थोडं लोटलं जातं. ठेच लागल्यावर आपण अंगठा चोळतो तो त्यामुळेच. त्या मांडणीत पुढे दुरुस्त्या झाल्या, पण मूळ गोष्ट टिकली. काका मध्यरात्री भिंतीशी उभे राहून, हाताशी होतं तेवढ्या साधनाने ते फाटक लोटू पाहत होते. शाळा सातवीला सोडलेल्या माणसाने स्वतःवर केलेला तो उपचार, तुम्ही त्यांच्यावर केलेल्या उपचारापेक्षा शास्त्राला धरून होता.

आता तुम्हाला तुमचाच अभ्यासक्रम पुन्हा सांगतो, कारण काकांच्या तोंडात काय चाललं होतं याकडे तुम्ही एकदाही पाहिलं नाहीत.

दुखण्याची खबर नेणारे तंतू मुख्यतः दोन जातींचे. एक बारीक आवरण असलेले, सेकंदाला साधारण ५ ते ३० मीटर वेगाने खबर नेणारे. पहिली तीक्ष्ण कळ त्यांची. दुसरे उघडे, त्याहून बारीक, सेकंदाला २ मीटरहूनही सावकाश जाणारे. मागून येऊन मुक्काम ठोकणारा ठणका त्यांचा. गाठ वाढते तशी आसपासच्या पेशींतून प्रोस्टाग्लँडिन, ब्रॅडिकायनिन, आम्ल अशी रसायनं सुटतात आणि या तंतूंची टोकं हुळहुळी होतात. त्या टोकांवर एक ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, असतो. मिरचीतलं कॅप्सेसिन आणि साधारण ४३ अंशांपुढची उष्णता, दोन्ही त्याच एका ग्राहकाला चेतवतात. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये तो ओळखला आणि २०२१ चं नोबेल त्यांना आर्डेम पॅटापौटियन यांच्यासोबत मिळालं. सुजलेल्या, आम्लाने भरलेल्या भागात हा ग्राहक फार कमी उष्णतेलाही पेटतो. काकी पेज निववून, बोटाने चाचपून द्यायची आणि काका घोट घेताच तोंड भाजल्यासारखे मागे सरायचे. काकीला वाटायचं, आपल्याकडून चुकून गरम दिली गेली. रोज ती स्वतःला दोष द्यायची. तुम्ही दोन वाक्यांत तिला समजावू शकला असतात.

पुढचं आणखी महत्त्वाचं आहे. सावकाश तंतूंकडून तासन् तास मारा होत राहिला की ज्या पेशींकडे ही खबर पोहोचते त्या पेशीच बदलतात. एरवी बंद असणारे त्यांच्यावरचे ग्राहक उघडतात, कॅल्शियम आत शिरतं, पेशी हळव्या होतात. तेवढ्याच माऱ्याला त्या जास्त ओरडू लागतात, नुसत्या स्पर्शालाही ओरडतात. क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ मध्ये हे दाखवलं. याचा साधा अर्थ असा की न थांबवलेलं दुखणं पुढचं दुखणं वाढवतं. ‘सवय होईल’ असं तुम्ही काकीला सांगितलं होतंत. मज्जासंस्थेला दुखण्याची सवय होत नाही, ती दुखण्यात तरबेज होत जाते. प्रत्येक वाया घालवलेल्या आठवड्यात तुम्ही ते दुखणं वाढवत होता.

औषधांकडे येऊ. डायक्लोफेनॅक वाईट औषध नाही. जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिलं की ॲस्पिरिनच्या जातीची औषधं शरीरात प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाहीत. त्यासाठी त्यांना १९८२ चं नोबेल मिळालं. हाडात उतरलेल्या कॅन्सरमध्ये या औषधांचा उपयोग होतो. पण त्यांना छत आहे. ठरावीक मात्रेपुढे गुण वाढत नाही, अपाय तेवढा वाढतो. जठराचं अस्तर राखणारं आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळणारं प्रोस्टाग्लँडिनही त्याच फटक्यात बंद होतं. घोटभर पाणी गिळता न येणाऱ्या, वाळून गेलेल्या माणसाला तुम्ही आठवडेच्या आठवडे डायक्लोफेनॅक टोचत होता आणि मॉर्फिनचं नाव काढल्यावर म्हणालात, ‘‘ते फार डेंजरस आहे.’’

जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या वेदनेसाठी पायऱ्यांची पद्धत १९८६ मध्ये छापली. सौम्य दुखण्याला पॅरासिटामॉल किंवा डायक्लोफेनॅकच्या जातीचं औषध. त्याने भागलं नाही तर कोडीन, ट्रामाडॉलसारखं. त्यानेही भागलं नाही तर मॉर्फिन. दुखावलेल्या मज्जातंतूंच्या जळजळीसाठी सोबत ॲमिट्रिप्टिलिन किंवा गॅबापेंटिन. शक्यतो तोंडाने द्यायचं आणि घड्याळाप्रमाणे द्यायचं, म्हणजे दुखणं परतण्याआधी पुढचा डोस पोटात असतो. पत्र्याचं छप्पर असलेल्या आरोग्य केंद्रातही करता येईल इतकं हे सोपं आहे. तुम्ही दुसऱ्या पायरीवर बसून राहिलात. माणूस तिसऱ्या पायरीशी उभा राहून किंचाळत होता.

मॉर्फिनला तुम्ही घाबरता ते का, हे मी शोधून पाहिलं. तुमची चार भयं आहेत. चारही तपासू.

पहिलं, व्यसन लागेल. मॉर्फिन बाहेरून आलेलं असलं तरी ज्या कुलपात ते बसतं ते शरीराचं स्वतःचं आहे. १९७३ मध्ये हे ग्राहक सापडले आणि १९७५ मध्ये ॲबरडीनला जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी मेंदूतच तयार होणारी, तिथे बसणारी रसायनं शोधली. मॉर्फिन तिथे बसलं की खबर पुढे देणारी रसायनं सुटणं कमी होतं आणि खबर घेणारी पेशी शांत होते. मेंदूच्या देठातून खाली येऊन दुखणं दाबणारी शरीराची यंत्रणाही त्याने जागी होते. काही आठवडे घेतल्यावर औषध एकदम तोडलं तर अंग मोडतं, जुलाब होतात, म्हणून ते हळूहळू कमी करायचं असतं. याला शरीराची सवय म्हणतात. व्यसन वेगळं. व्यसनात माणूस नुकसान दिसत असूनही नशेसाठी औषधामागे धावतो. देखरेखीखाली मॉर्फिन घेणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटमध्ये हा धोका कमी असतो. तो शून्य नाही, म्हणून तर डॉक्टर लागतो. आणि ज्याच्या हातात काही आठवडे उरले आहेत त्याला व्यसनापासून वाचवून तुम्ही नेमकं कोणतं भविष्य राखत होता?

दुसरं, श्वास थांबेल. मात्रा एकदम जास्त झाली तर थांबू शकतो, हे खरं आहे. म्हणूनच ५ किंवा १० मिलिग्रॅमपासून सुरुवात करून, पेशंटकडे बघत मात्रा वाढवतात. माणूस आधी गुंगतो, श्वास मंदावतो तो त्यानंतर. बघणारा असेल तर इशारा मिळतो. मूत्रपिंडं कमजोर असतील तर औषधाचे अंश साठतात, म्हणून तिथे मात्रा आणखी कमी आणि अंतर जास्त ठेवायचं. उतारा म्हणून नॅलोक्सोन आहे. तुम्ही रोज इन्शुलिन लिहून देता. तेही मात्रा चुकली तर जीव घेतं. म्हणून तुम्ही इन्शुलिन बंद केलं नाहीत, मात्रा शिकून घेतलीत.

तिसरं, आत्ताच दिलं तर शेवटी काय देणार? मॉर्फिनला डायक्लोफेनॅकसारखं छत नाही. दुखणं वाढलं तर मात्रा वाढवता येते आणि बहुतेक वेळा मात्रा वाढवावी लागते ती आजार वाढल्यामुळे. शेवटासाठी राखून ठेवण्याजोगं त्यात काही नाही.

चौथं, मॉर्फिन दिलं म्हणजे मरण जवळ आणलं. योग्य मात्रेत दिलेल्या मॉर्फिनने आयुष्य तुटत नाही. आयुष्य तोडतं ते न खाणं, न झोपणं आणि रात्रभर भिंतीशी उभं राहणं.

एक गोष्ट मात्र मॉर्फिन हमखास करतं आणि तिचं तुम्हाला कधी भय वाटलं नाही. शौचाला घट्ट होतं. बाकीचे त्रास, मळमळ, गुंगी, काही दिवसांत ओसरतात. हा ओसरत नाही. म्हणून मॉर्फिनच्या चिठ्ठीवर पहिल्या दिवसापासून जुलाबाचं औषध लिहायचं असतं. मॉर्फिन देणाऱ्या डॉक्टरची ही खूण आहे.

ती खूण आम्हाला अखेर एका पॅलिएटिव्ह, म्हणजे वेदनाशमनाच्या, ओपीडीत दिसली. तिथल्या डॉक्टर बाईंनी काकांना पहिला प्रश्न विचारला, ‘‘शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे याहून जास्त असूच शकत नाही. आत्ता किती?’’ काकांनी पाटीवर दहा लिहिले आणि खाली रेघ ओढली. तुमच्या टेबलावर रक्तदाब मोजायचं यंत्र आहे, ऑक्सिजन मोजायचं आहे, साखर मोजायचं आहे. हा प्रश्न विचारायला यंत्र लागत नाही आणि इतक्या महिन्यांत तो तुम्ही विचारला नव्हतात. बाईंनी घड्याळ काढून काकीला वेळा समजावल्या : सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहाला दुप्पट, म्हणजे मध्यरात्रीच्या डोससाठी उठायला नको. गोळी कुटून, पाण्यात कालवून, नाकातल्या नळीतून द्यायची. मात्रा बसवायला थोडे दिवस गेले. मग काका रात्री झोपू लागले. आकडा तीनवर आला. एका सकाळी त्यांनी पाटीवर लिहिलं की दूध संघाकडे दोन पंधरवड्यांचं बिल थकलंय, वही आणा. दुखणं गेल्यावर माणसात माणूस परत येतो आणि तो आपला हिशोब पुरा करायला बसतो. पुढे काका गेलेच. पण जाण्याआधीचे काही आठवडे त्यांचे स्वतःचे होते. त्याच्या आधीचे महिने तुम्ही घेतलेत.

तुम्ही म्हणाल, कायदा आडवा येतो. कायद्याचंही बोलू.

मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात ठरवून दिलेल्या भागांत शेतकरी सरकारी परवान्याने अफू पिकवतात. चीक सरकारच विकत घेतं. नीमच आणि गाझीपूर इथे सरकारी कारखाने आहेत. आपला देश जगाच्या औषधांसाठी अफू निर्यात करतो. आणि लॅन्सेट आयोगाने २०१७ मध्ये हिशोब मांडला तेव्हा भारतातल्या गरजू रुग्णांना गरजेच्या जेमतेम ४ टक्के वेदनाशामक ओपिऑइड मिळत असल्याचं दिसलं. अफू आपल्या मातीत पिकते आणि किंकाळ्याही आपल्याच घरांतून उठतात.

याला कारण १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा. तस्करांसाठी आणलेल्या त्या कायद्याच्या जाळ्यात दवाखाने सापडले. किमान दहा वर्षांच्या शिक्षेची तलवार आणि मॉर्फिन ठेवायला वेगवेगळ्या खात्यांचे परवाने. एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा हाती येत नसे. पुढच्या बारा-तेरा वर्षांत देशातला मॉर्फिनचा औषधी वापर ९० टक्क्यांहून जास्त घसरला. डॉक्टरांच्या पिढ्याच्या पिढ्या मॉर्फिनची चिठ्ठी न लिहिता शिकल्या आणि निवृत्त झाल्या. तुम्ही त्याच काळातले आहात, हे मला मान्य आहे.

पण २०१४ मध्ये कायदा बदलला, डॉक्टर. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन ही सहा औषधं अत्यावश्यक ठरवली गेली आणि संपूर्ण देशाला एकच नियम लागू झाला. आता हॉस्पिटलला राज्याच्या औषध नियंत्रकाकडून मान्यता घ्यावी लागते, प्रशिक्षित डॉक्टर लागतो, साठ्याची नोंद ठेवावी लागते. हे घडवून आणायला डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्यांची वर्षानुवर्षं गेली. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर १९९३ मध्ये कोझिकोडला वेदनामुक्तीचं काम सुरू केलं. बाह्यरुग्णांना मॉर्फिन घरी न्यायला दिलं. २००१ मध्ये त्यांनी लॅन्सेटमध्ये लिहिलं की सतराशेहून अधिक रुग्णांना दोन वर्षांत तोंडाने घ्यायचं मॉर्फिन दिलं आणि औषध चोरवाटेने बाहेर गेल्याचा एकही प्रकार आढळला नाही. हे गरीब माणसांच्या, पत्र्याच्या डब्यात औषध ठेवणाऱ्या घरांबद्दल आहे. तुम्हाला ज्या घरांवर विश्वास नाही त्याच.

आणि हे केरळातच होतं असंही नाही. मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे, गोव्यातही त्यांची शाखा आहे. टाटा मेमोरियलमध्ये स्वतंत्र विभाग आहे. पुण्यात वारज्याला १९९७ पासून केंद्र आहे. तुम्हाला मॉर्फिन ठेवायचं नव्हतं तर एका चिठ्ठीवर पत्ता लिहून द्यायला कोणता परवाना लागत होता?

तुम्ही अमेरिकेचं उदाहरण देता. द्यायलाच हवं. तिथे १९९६ मध्ये पर्ड्यू फार्माने ऑक्सिकॉन्टिन बाजारात आणलं, व्यसनाचा धोका कमी आहे असं डॉक्टरांना पटवलं आणि पाठदुखी-गुडघेदुखीसाठीही ते खपवलं. कंपनीने २००७ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला. लाखो घरं उद्ध्वस्त झाली. त्यातून शिकायचं ते हे की औषध विकणाऱ्याने लिहायचं नसतं आणि लिहिणाऱ्याने पेशंटकडे बघणं सोडायचं नसतं. तिथल्या डॉक्टरांनी न बघता दिलं, तुम्ही न बघता नाकारलं. न बघण्याचा दोष दोघांचाही सारखाच.

तुमच्या पेशात हे नवीन नाही. १९८० च्या दशकापर्यंत जगातल्या नामांकित हॉस्पिटलांत नवजात बाळांच्या शस्त्रक्रिया पुरेशी भूल न देता होत असत. बाळाला दुखत नाही, आठवत नाही, औषध त्याला सोसणार नाही, अशी कारणं होती. १९८७ मध्ये ऑक्सफर्डच्या डॉ. के. जे. एस. आनंद यांनी आणि सहकाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर प्रयोग करून दाखवलं की फेंटानिल दिलेल्या बाळांचं शरीर शस्त्रक्रियेच्या धक्क्याने कमी कोसळतं आणि नंतर गुंतागुंतही कमी होते. ज्याला सांगता येत नाही त्याला दुखत नाही, हे तेव्हाही सोयीचं होतं. काकांची वाचा गेली होती. बाळांच्या बाबतीत तुमच्या पेशाने चूक सुधारली. आता म्हाताऱ्यांची, गरिबांची, वाचा गेलेल्यांची पाळी आहे.

म्हणून माझ्या मागण्या लिहितो. तुम्हाला त्या टाळता येऊ नयेत म्हणून त्या सोप्या ठेवल्या आहेत.

कॅन्सरच्या प्रत्येक पेशंटला प्रत्येक भेटीत विचारा, किती दुखतं? उत्तर केसपेपरवर रक्तदाबाशेजारी आकड्यात लिहा. आकडा चारच्या वर असेल तर तीच चिठ्ठी पुन्हा लिहू नका. घरच्यांना सांगा की दुखणं हा आजाराचा भाग असला तरी ते थांबवता येतं. बोलता येत नसेल तर पेशंटच्या हातात पाटी द्या. वेदनाशमनाचं प्रशिक्षण घ्या, तुमच्या हॉस्पिटलच्या मान्यतेसाठी अर्ज करा आणि ते होईपर्यंत जवळच्या पॅलिएटिव्ह ओपीडीचा पत्ता आणि वार छापून काउंटरवर लावा, फीच्या बोर्डाच्या वर. आणि ‘सोसावंच लागेल’ असं कुणालाही सांगण्याआधी स्वतःला विचारा की यातलं मी काय काय करून पाहिलं?

तुमच्या पेशंटांचे नातेवाईक हे पत्र वाचतील. त्यांना सांगतो, पुढच्या वेळी डॉक्टर ‘सोसा’ म्हणाले तर केबिनमधून उठू नका. मॉर्फिन का नाही, असं विचारा. इथे नाही तर कुठे मिळेल, असं विचारा. उत्तर कागदावर लिहून मागा. डॉक्टरसाहेब, तो कागद तुमच्यासमोर येईल, तेव्हा त्यावर काय लिहायचं याची तयारी आजपासून करा.

कळावे,
तुमच्या ओपीडीबाहेरच्या बाकावर बसलेल्यांपैकी एक